बारीक एस

"पिलणकर, हा मोठा एस आहे," नाखवासाहेब म्हणाले आणि माझं नाणं त्यांनी माझ्याकडे असं सरकवलं, जशी हॉटेलवाला बिल भागल्यावर बडीशेपेची बशी सरकवतो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमच्या रत्नागिरी नाणेमित्र मंडळाची मासिक सभा चालू होती. सभासद नऊ, हजर सात, त्यांतले दोन निव्वळ चहासाठी. पण त्या क्षणी मला वाटलं की सगळं शहर खोलीत कोंबून बसलंय आणि माझ्याकडे बघतंय.

नाणं १९४५ सालची डाइम होतं. डाइम म्हणजे अमेरिकेचं दहा सेंटचं चांदीचं नाणं, कोटाच्या बटणाएवढं. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यांवर मागच्या बाजूला, 'वन' या शब्दातल्या शेवटच्या ई-शेजारी, एस हे अक्षर असतं. त्या वर्षीच्या बहुतेक नाण्यांवर ते नेहमीच्या आकाराचं आहे. काहींवर मात्र कुणीतरी भलताच लहान ठसा वापरला. हा झाला बारीक एस. दोन अक्षरांतला फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा. सुखी माणसाला तो आयुष्यात कधी दिसत नाही. आम्ही त्यासाठी भिंगं विकत घेतली होती.

मी ते नाणं मुंबईच्या एका विक्रेत्याकडून बारीक एसचं म्हणून आणलं होतं आणि सभेत छोटंसं भाषणही करून बसलो होतो. नाखवासाहेबांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, भिंग लावलं, एकदाच तिरकं केलं. बस्स. नंतर मी घरी जाऊन दोन तास पाहिलं. एस मोठा होता.

माझा धंदा मुद्रितशोधकाचा. एका साप्ताहिकात मी दुसऱ्यांच्या चुका शोधायचो आणि त्याचा पगार घ्यायचो. ऱ्हस्वदीर्घाची चूक मला तीन हातांवरून वास मारते, अशी माझी ख्याती होती. ती बहुतेक मीच पसरवली होती. अशा माणसाला अक्षराचा आकार चुकला म्हणून सात जणांसमोर दुरुस्त केलं, तर तो काय करतो? तो हसतो, "अरेच्चा, खरंच की," म्हणतो आणि दोन वर्षं दात धरून बसतो.

नाखवासाहेब म्हणजे यूसुफ नाखवा. राजिवड्यात राहायचे. मालवाहू जहाजांवर सव्वीस वर्षं रेडिओ ऑफिसर होते. गावातले लोक त्यांना कॅप्टन म्हणत आणि ते दर वेळी "कॅप्टन नव्हतो हो," असं सांगत. मग लोक त्यांना विनयशील कॅप्टन म्हणत. साठच्या दशकात त्यांचं जहाज सॅन फ्रान्सिस्कोला लागायचं, तेव्हा केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मिळालेल्या मोडीत चांदीच्या डाइम येत. बाकीचे खलाशी त्या मोडीची सिगारेट घेत. हे गृहस्थ बंकवर बसून एस मोजत. असा एकेचाळीस नाण्यांचा संग्रह झाला होता. मंडळाचे ते बारा वर्षं अध्यक्ष होते. निवडणूक कधी झाली नाही, कारण करायचं कुणाला सुचलं नाही.

१९९८च्या दिवाळीनंतर वाचनालयाने ठरवलं की हा संग्रह काचेच्या कपाटात कायमचा ठेवायचा, शेजारी नाखवासाहेबांनी सांगितलेली सूची लावायची, आणि उद्घाटनाला मुंबईचे होमी दुबाश यांना बोलवायचं. दुबाश म्हणजे आमच्या क्षेत्रातलं मोठं नाव. आमचं क्षेत्र केवढं, हा प्रश्न निराळा.

नाखवासाहेबांनी मला घरी बोलावलं.

"सूची तुम्ही लिहा, पिलणकर," ते म्हणाले. "लेबलंही तुम्हीच करा. तुमचं अक्षर छान आहे आणि तुमच्या हातून चूक होत नाही."

ते अंगणातल्या खुर्चीत बसले होते. मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात कागदाच्या एकेचाळीस पुड्या ओळीने लावलेल्या. ते एकेका पुडीला बोट लावत आणि पाठ असल्यासारखं सांगत. साल, टांकसाळ, कुठे मिळालं. "सतरावी, पंचेचाळीसचा बारीक एस. अठरावी, पंचेचाळीसचाच मोठा." मी लिहून घेत होतो. पुडी उघडून दाखवण्याची तसदी त्यांनी एकदाही घेतली नाही. मला वाटलं, आपण कारकून आहोत हे हा माणूस आपल्याला कळवतोय.

त्यांच्या तोऱ्याबद्दल माझी खात्री आधीच झाली होती. गेलं वर्षभर सभेत कुणी नाणं दिलं, की ते भिंगाला हातच लावत नसत. बोटात नाणं फिरवत आणि विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" समोरचा सांगे. "अगदी बरोबर," असं म्हणून नाणं परत. समोरचा खूश. मी मनात म्हणे, वा, आता यांना बघायचीही गरज उरली नाही.

मी डबा घरी नेला आणि प्रत्येक पुडी उघडून दहापट भिंगाखाली तपासली. हेतू एकच होता, चूक सापडावी. चूक नव्हती. एकेचाळीसच्या एकेचाळीस बरोबर. त्या रविवारी माझ्याइतका निराश माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

आता नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायची होती. चौकटीला दोन्ही बाजूंनी पारदर्शक खिडकी, वर लेबल चिकटवायचं. सतरावं लेबल मी फार सुरेख लिहिलं. मग अठराव्या पुडीतलं नाणं त्या चौकटीत बसवलं आणि सतराव्यातलं अठराव्यात. पिना मारल्या. एवढंच. कुणी विचारलं असतं तर मी याला गंमत म्हणालो असतो, आणि उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी नुसतं निरखून पाहिलं असतं तर गंमतच ठरली असती. "पिलणकर, लेबल चुकलं," असं म्हणाले असते आणि मी दुसऱ्यांदा हसून "अरेच्चा" म्हटलं असतं. मी त्यांना पुरेशी संधी दिली होती, असं मी स्वतःला समजावलं. मी फार न्यायी माणूस आहे.

उद्घाटन पुढच्या रविवारी सकाळी अकराला होतं. चाळीसेक लोक आले. हार झाले, नारळ झाला, वाचनालयाच्या कार्यवाहांनी अमेरिकेचा इतिहास सांगायला घेतला आणि कोलंबसपाशीच त्यांचा वेळ संपला. मग मीच पुढे झालो.

"साहेब, मंडळींना बारीक एस आणि मोठा एस दाखवा ना," मी म्हणालो. "आपल्यासारखं कुणाला समजावता येणार नाही."

नाखवासाहेबांनी हात पुढे केला. मी त्यांच्या हातात चौकट ठेवली.

"सतरा नंबर?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

त्यांनी चौकट उजेडाकडे धरली आणि बोलायला लागले. खरं सांगतो, फार सुंदर बोलले. न्हाव्याचं दुकान, गल्ल्याचा आवाज, जहाजावर परतताना दिव्याच्या खांबाखाली थांबून पहिल्यांदा तो एवढासा एस पाहिला ते. "बाकीची अक्षरं भरल्या घरातली वाटतात," ते म्हणाले, "आणि हा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला पाहुणा." लोकांनी माना डोलावल्या. मग चौकट दुबाशांकडे गेली. दुबाशांनी खिशातून भिंग काढलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"नाखवासाहेब, हा तर मोठा एस आहे," ते हळूच म्हणाले. हळूच म्हणाले, पण खोलीत तोवर अगदी शांतता होती.

"नाही हो. सतरा नंबर आहे ना?"

"नंबर सतराच आहे. पण एस मोठा आहे."

मी वाट पाहत होतो. आता ते चौकट परत घेतील, भिंग लावतील, ओशाळतील. त्यांनी चौकट परत घेतलीच नाही. चेहरा माझ्या बाजूला वळवला. माझ्याकडे नव्हे, जरा माझ्या खांद्याकडे.

"पिलणकर, लेबल तुम्हीच लावलंत ना?"

"हो."

"मग झालं," ते दुबाशांना म्हणाले. "साहेब, तुम्ही पुन्हा एकदा बघा. पिलणकरांनी लिहिलंय म्हणजे ते बरोबरच आहे. त्यांच्या हातून चूक होत नाही. तुमच्या भिंगाला काही झालं असेल."

कुणीतरी खुसकन हसलं. मग आमचे खजिनदार मलुष्टे हसले आणि मग सगळेच. दुबाशांनी सभ्यपणे दुसरी चौकट मागितली, दोन्ही शेजारी धरल्या आणि म्हणाले, "उलटसुलट झालंय. होतं असं." नाखवासाहेब तरीही "पिलणकरांनी लिहिलंय," एवढंच म्हणत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने, रुकैय्याभाभींनी, त्यांचा दंड धरला आणि दोघं बाहेर पडली. जाताना त्यांचा पाय उंबऱ्याला अडखळला. मलुष्टे म्हणाले, "वय झालं." कार्यवाह म्हणाले, संग्रह कायमचा ठेवायचा की नाही याचा फेरविचार करावा लागेल. नाणी तात्पुरती माझ्या ताब्यात देण्यात आली, कारण मी विश्वासू होतो.

मंगळवारी त्यांचा राजीनामा आला. अक्षर भाभींचं. सही त्यांची, पण ओळ सोडून खाली घसरलेली, शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलेलं. माझ्यातला मुद्रितशोधक लगेच म्हणाला, रागाच्या भरात केलेली दिसते. एवढी तीक्ष्ण माझी नजर.

रविवारी तातडीची सभा ठरली. नवा अध्यक्ष कोण, हे उघडच होतं. मी गुरुवारी राजिवड्यात गेलो. विचारपूस करायला गेलो, असं मी घरी सांगितलं होतं. पडलेला माणूस जवळून कसा दिसतो ते पाहायचं होतं, हे सांगितलं नव्हतं. बरोबर नाण्यांचा डबा घेतला होता, तेवढंच निमित्त.

दार भाभींनी उघडलं. नाखवासाहेब आत झोपले होते, भर दुपारी बारा वाजता. भाभींनी मला ओटीवर बसवलं आणि आवाज खाली केला.

"बरं झालं आलात, पिलणकरभाऊ. तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? त्यांना दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"काहीच धड दिसत नाही. डावा डोळा तीन वर्षांपूर्वी गेला. उजवा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, मिरजेला दाखवलं, मुंबईला दाखवलं. मधलं सगळं काळं, कडेचं तेवढं अंधुक दिसतं. माणूस समोर असला तर तोंड दिसत नाही, खांदा दिसतो."

दोन वर्षं मी ज्या माणसावर नजर ठेवून होतो, त्याच्याबद्दल एवढी एकच गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

"मंडळात कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणाले. तेवढीच एक जागा होती त्यांची. तुम्हाला नाणी दिली त्या दिवशी म्हणाले, आता चिंता नाही, पिलणकरांचे डोळे आहेत."

"पण पुड्या तर त्यांनीच बांधल्या होत्या," मी म्हणालो. "बरोबर ओळखून."

"बोटांनी. प्रत्येक नाण्याची कड त्यांच्या नखाला पाठ आहे. कुठे झीज, कुठे खोक. आठ दिवस बसून लावल्या होत्या." भाभींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि नेमक्या त्या दोन चुकल्या. रविवारपासून धसका घेतलाय. म्हणतात, डोळे गेले तेव्हा हात होते, आता हातही गेले. आधी औषधाच्या गोळ्या स्वतः चाचपून घ्यायचे, दाढी करायचे, सकाळी जेटीपर्यंत एकटे जायचे. चार दिवस झाले, गोळी हातात दिली तरी दहादा विचारतात, हीच ना? अंथरुणातून उठत नाहीत."

आतून आवाज आला. "कोण आहे?"

"पिलणकरभाऊ आलेत."

ते भिंतीला हात लावत बाहेर आले. चार दिवसांची पांढरी दाढी, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. खुर्ची कुठे आहे ते त्यांनी भाभींना विचारलं. ती वीस वर्षं तिथेच होती.

"पिलणकर, तुमची माफी मागायची होती," ते म्हणाले. "माझ्यामुळे चारचौघांत तुमच्या नावाला बट्टा लागला. मी पुड्या चुकीच्या दिल्या आणि तुम्ही विश्वासाने लेबलं लावलीत. मी तिथे बोलायला हवं होतं की चूक माझी. पण मला तेव्हा खरंच वाटत होतं की दुबाश चुकतोय."

मी म्हणालो, "असू द्या हो, साहेब."

हे मी खरोखर म्हणालो. माफी मागितली गेली आणि मी ती दिलीही. त्या माणसाच्या ओटीवर बसून, त्याच्या घरचं पाणी पिऊन. आजही मला माझी लाज वाटलेल्या गोष्टींची यादी करायची वेळ आली, तर नाण्यांची अदलाबदल तिच्यात दुसऱ्या नंबरवर असते.

"नाणी आणलीत का?" त्यांनी विचारलं. "भाभींकडे द्या. सोनाराकडे पाठवून देतो, आटवून टाकू दे. ज्याला आपली वस्तू ओळखता येत नाही त्याने ती कशाला ठेवायची?"

भाभींनी हात पुढे केला. मी डबा सोडला नाही.

"साहेब, पुड्या बरोबर होत्या," मी म्हणालो.

"उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"बरं वाटण्यासारखं नाहीये ते. एकेचाळीसच्या एकेचाळीस बरोबर होत्या. मी घरी भिंगाखाली तपासल्या. सतरावीत बारीक एसच होता. मी मुद्दाम अदलाबदल केली. लेबल लावताना. तुमची फजिती व्हावी म्हणून."

भाभींचा हात तसाच हवेत राहिला. नाखवासाहेब खुर्चीत पुढे सरकले. मी शिव्यांची वाट पाहत होतो, जहाजावरच्या, सहा भाषांतल्या.

"सतरावीत बारीक होता?" ते म्हणाले.

"हो."

"आणि अठरावीत मोठा?"

"हो."

"काढा. चौकटीतून काढा दोन्ही."

मी पिना उचकटल्या, माझ्या बोटात एक घुसली, आणि दोन्ही नाणी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी एकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग दुसऱ्याच्या. दुसरं नाणं माझ्यापुढे धरलं.

"हा."

मी भिंग काढलं. बारीक एस होता.

"रुकैय्या," ते म्हणाले, "ऐकलंस का? मी बरोबर लावल्या होत्या. हात बरोबर आहेत माझे." आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे बघितलं. इतकी आनंदाची बातमी मी आयुष्यात कुणाला दिली नव्हती, आणि ती माझ्या हरामखोरीची होती.

भाभी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलून आत नेला.

थोड्या वेळाने नाखवासाहेबांनी विचारलं, "पण का हो, पिलणकर?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझं नाणं सगळ्यांसमोर मोठा एस म्हणून परत दिलंत."

"कुठलं नाणं?"

मी सांगितलं. सभा, खिडकी, उजेड, माझं भाषण. त्यांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना काहीही आठवलं नाही.

"मोठाच होता ना पण?" त्यांनी विचारलं.

"मोठाच होता."

"हां," ते म्हणाले. मग उठले, खुर्चीच्या हाताला धरून. "आता जा तुम्ही. रविवारी सभेत हे सगळं सांगा. डोळ्यांचंही सांगा, आता लपवण्यात काही राम नाही. त्याआधी या घरात येऊ नका."

रविवारी साहेब सोडून बाकीचे आठही सभासद आले, निवडणूक होती ना. मी उभा राहून सगळं सांगितलं. सावरून घेतलं नाही, कारणं दिली नाहीत. संग्रह पूर्णपणे अचूक आहे, नाणी मी बदलली, द्वेषाने बदलली, साहेबांना दिसत नाही आणि तरीही त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. सांगून मी खाली बसलो.

मग मलुष्टे उठले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"मंडळी," ते म्हणाले, "याला म्हणतात मनाचा मोठेपणा. एका आंधळ्या म्हाताऱ्याची लाज राखायला हा माणूस स्वतःवर आळ घेतोय."

टाळ्या वाजल्या. मी उठून म्हणालो, अहो, हे खरं आहे. टाळ्या वाढल्या. मी आवाज चढवला. कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालं, समजतं आम्हाला, बसा. पाचव्या मिनिटाला मी एकमताने अध्यक्ष झालो. माझ्या भावनांचा आदर म्हणून संग्रह कायमचा कपाटात ठेवण्याची शिफारसही झाली, तीही एकमताने. इतिवृत्तात 'अध्यक्षांचे औदार्य' असा शब्दप्रयोग आहे. औदार्य शुद्ध लिहिलंय.

मी तडक राजिवड्यात गेलो. नाखवासाहेब अंगणात होते, दाढी केलेली, गालावर एक कापल्याची खूण. मी फाटकाबाहेरच थांबलो.

"सांगितलंत?" त्यांनी पावलांवरून ओळखून विचारलं.

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या. मला अध्यक्ष केलं. त्यांना वाटतंय, मी तुमच्यासाठी खोटं बोलतोय."

मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. मला वाटलं ठसका. ते हसत होते. खुर्चीचे हात धरून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाभी पीठ माखल्या हातांनी दारात आल्या, त्यांना काय झालं ते कळेना.

"या, या, आत या," ते म्हणाले. "बसा. मी तुम्हाला काय शिक्षा द्यावी म्हणून रात्रभर विचार करत होतो. यापेक्षा मोठी मला सुचली नसती."

ते गेले त्याला आता सतरा वर्षं झाली. मी अजून अध्यक्ष आहे. दर तीन वर्षांनी निवडणूक होते, दर वेळी मी नको म्हणतो, आणि दर वेळी नव्या सभासदांना कुणीतरी माझ्या मोठेपणाची ती गोष्ट सांगतं.